परसातील कोंबड्यांचे विषाणुजन्य रोग व दुय्यम संक्रमणे

घराच्या परसात मोकळ्या सोडून पाळलेल्या देशी वा सुधारित कोंबड्यांना विषाणूंमुळे होणारे रोग, तसेच या रोगांनी दुबळ्या झालेल्या पक्ष्यांच्या शरीरात मागाहून शिरकाव करणारे सूक्ष्मजंतू, कवके व परजीवी यांची संक्रमणे, यांचा प्रस्तुत नोंदीत विचार केला आहे. व्यापारी पद्धतीच्या पालनाची माहिती अन्यत्र दिली आहे [⟶ कुक्कुटपालन]. येथील विवेचन मुख्यतः पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्याची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून केले असले, तरी त्यातील बराचसा भाग महाराष्ट्रातील इतर खेड्यांनाही लागू पडतो.

विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) भारतातील एकूण सु. ८५ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी सु. ३१.७ कोटी पक्षी परसात पाळले जात होते. भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर त्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके उरले. धानाच्या मळणीत सांडलेले दाणे, तांदळाची कणी, कोंडा, किडे व वाळवी यांवर घरामागच्या सांदवाडीत पाचदहा कोंबड्या विशेष खर्चावाचून वाढतात. त्यांची देखभाल बहुधा घरातील बाईकडे असते, आणि भूमिहीन कुटुंबात अंड्यांचे व कोंबड्यांचे पैसे हेच तिच्या स्वतःच्या हातातील पैसे असतात. मुलाची वह्यापुस्तके, दुखण्याचा खर्च किंवा दिवाळीनंतरच्या मंडईला आलेल्या पाहुण्यांचा पाहुणचार यांपैकी बरेच काही या खुराड्यातून भागते. म्हणूनच चार दिवसांत खुराडे रिकामे करणारी साथ वरकरणी क्षुल्लक वाटली, तरी त्या घराच्या दृष्टीने बचत बुडाल्यासारखीच असते.

मानमोडी : (राणीखेत रोग). परसातील कोंबड्यांच्या रोगांत हा सर्वांत घातक होय. १९२६ मध्ये जावा बेटात व त्याच सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्याची प्रथम नोंद झाली. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथील साथीचे वर्णन एडवर्ड्स यांनी केले, त्यावरून भारतात तो राणीखेत या नावाने ओळखला जातो. मान वाकडी होण्याच्या लक्षणावरून मराठीत त्याला मानमोडी असे समर्पक नाव पडले आहे. कारक विषाणू पॅरामिक्सोव्हायरस गटातील असून त्याचे तीव्र, मध्यम व सौम्य असे प्रभेद आहेत. सौम्य व मध्यम प्रभेदांपासून लस करता येते, हे पुढे येईलच.

रोगाचा परिपाककाल (विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) २ ते १५ दिवस, बहुधा ५-६ दिवस असतो. कोंबडी पिसे फुलवून, डोळे मिटून एका जागी बसते, चारा टाकते, चोच उघडून घरघर श्वास घेते व हिरवट पांढरी पातळ शीट टाकते. अंडी देणे थांबते किंवा मऊ कवचाची अंडी पडतात. काही पक्ष्यांत पंख व पाय लुळे पडतात, मान पिळवटते आणि पक्षी स्वतःभोवती गिरक्या घेतो. तीव्र प्रभेदाची साथ लस न टोचलेल्या कळपात शिरल्यास शंभरातील नव्वद किंवा त्याहूनही अधिक पक्षी दगावतात; पुष्कळदा लक्षणे दिसण्यापूर्वीच सकाळी खुराड्यात मेलेले पक्षी आढळतात. मृत पक्ष्याच्या ग्रंथिल जठराच्या आतील बाजूस ठिपक्यांसारखा रक्तस्राव दिसणे ही निदानास उपयोगी पडणारी खूण आहे. मात्र मान वाकडी झालेला प्रत्येक पक्षी मानमोडीचाच नसतो. थायामीन या जीवनसत्त्वाच्या अभावानेही मान मागे ओढली जाते व तो दोष ते जीवनसत्त्व दिल्यास लवकर दूर होतो.

विषाणू शीट, नाकातोंडातील स्राव व मृत पक्षी यांतून बाहेर पडतो आणि माणसांचे पाय, डालगी, अंड्यांचे ट्रे व पाण्याची भांडी यांबरोबर गावभर फिरतो. त्याहूनही मोठे कारण आठवडी बाजाराचे आहे. कोंबडी आजारी दिसताच ती मरण्यापूर्वी विकून टाकावी, हा विचार घरखर्चाच्या दृष्टीने समजण्यासारखा असला, तरी एका गावची साथ दहा गावांत नेण्याचा याहून खात्रीचा मार्ग दुसरा नाही. मंडईच्या दिवसांत पाहुण्यांसाठी बाजारातून आणलेली कोंबडी एकदोन रात्री घरच्या खुराड्यात ठेवली जाते, तेवढा संपर्क रोग लागण्यास पुरेसा होतो.

देवी : डासांमुळे व त्वचेवरील जखमांतून पसरणारा हा रोग पावसाळ्यात व त्यानंतर अधिक दिसतो. तलाव व धानाच्या बांध्यांमुळे डासांची कमतरता नसलेल्या भागात तो दरवर्षी आढळावा यात नवल नाही. कोरड्या प्रकारात तुरा, गळ्याखालील कल्ले व पापण्या यांवर फोड येऊन त्यांच्या खपल्या धरतात. ओल्या प्रकारात तोंडात व घशात पिवळसर पटल तयार होऊन श्वास कोंडतो. कोरड्या प्रकारात मृत्यूचे प्रमाण थोडे असते व बहुतेक पक्षी तीनचार आठवड्यांत आपोआप बरे होतात. पक्षी दगावतो तो अनेकदा देवीने नव्हे, तर खपल्यांनी डोळे बंद झाल्यामुळे दाणा न दिसून उपासमारीने, किंवा फोडांत पू होऊन.

इतर विषाणुजन्य रोग : गंबोरो हा ३ ते ६ आठवड्यांच्या पिलांचा रोग अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या गंबोरो या गावाजवळ प्रथम आढळला व १९६२ मध्ये त्याचे वर्णन झाले. यात गुदद्वाराजवळील फॅब्रिशियस पिशवी हे रोगप्रतिकारक्षमता घडविणारे इंद्रिय नष्ट होते. जगलेली पिले प्रतिकारशून्य राहिल्याने त्यांना दिलेली मानमोडीची लसही नीट लागत नाही. मरेक रोगात पायांना लकवा होतो व अंतर्गत इंद्रियांत अर्बुदे होतात. त्याची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी द्यावी लागते. सांसर्गिक श्वासनलिकाशोथात पिलांना धाप लागते आणि मोठ्या कोंबड्या वेडीवाकडी अंडी घालतात.

दुय्यम संक्रमण : श्वासनालेच्या आतील श्लेष्मकलेवर केसांसारख्या सूक्ष्म पक्ष्माभिका असून त्या धूळ व जंतू सतत बाहेर लोटत असतात. विषाणूंच्या हल्ल्यात या पक्ष्माभिका झडून जातात. एरवी विष्ठेतील धुळीबरोबर आत गेलेले जे सूक्ष्मजंतू बाहेर फेकले गेले असते, तेच आता वायुकोशांपर्यंत पोहोचतात. पक्ष्यांचे वायुकोश फुप्फुसांपासून पोटापर्यंत पसरलेले असल्याने संक्रमण थोड्याच वेळात हृदय व यकृत यांच्या आवरणांपर्यंत जाते, आणि मृत पक्षी उघडल्यास या इंद्रियांवर सायीसारखे पिवळट पांढरे पटल दिसते. हे कार्य बहुधा एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील जंतूचे असते. मायकोप्लाझ्मा हा जंतू आईकडून अंड्यावाटे पिलात उतरून महिनोन् महिने गुपचूप राहतो व विषाणूची साथ येताच उफाळतो. शिंका, नाकातून स्राव व डोळ्यांत फेस ही त्याची लक्षणे होत. कोरायझा या जंतुजन्य सर्दीत चेहरा सुजतो व स्रावाला घाण वास येतो. कोंबड्यांचा कॉलरा (पाश्चुरेला जंतूमुळे होणारा) हाही अचानक मृत्यू घडवितो. याच जंतूवर १८७९-८० मध्ये प्रयोग करताना लुई पाश्चर यांना दुर्बल केलेल्या जंतूंची लस करण्याचे तत्त्व सापडले.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात आणखी एका शत्रूची दखल घ्यावी लागते. खुराड्यात अंथरलेली तणस अवकाळी पावसात भिजून बुरसटली, की तिच्यातील ॲस्परजिलस कवकाची बीजुके पिलांच्या फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया होतो. लक्षणे जंतुजन्य श्वसनरोगासारखीच असतात, पण प्रतिजैव औषधांचा त्यावर काडीचाही परिणाम होत नाही. कोरडे अंथरूण घालणे हाच उपाय आहे. जंत व रक्ती हगवणीचे (कॉक्सिडिया) परजीवीही विषाणूने खचलेल्या पक्ष्यात बळावतात. शिटेत रक्त दिसल्यास प्रथम याचा संशय घ्यावा. ॲम्प्रोलियम हे त्यावरील नेहमीचे औषध आहे.

चिकित्सा : वरीलपैकी एकाही विषाणुरोगावर विषाणूला मारणारे औषध कोंबड्यांसाठी उपलब्ध नाही, ही गोष्ट सर्वप्रथम स्पष्ट असली पाहिजे. बाजारातून आणलेली प्रतिजैव पूड मानमोडीवर निरुपयोगी असते. तरीही कोंबड्या मरू लागल्या की ती आणली जाते, कारण काहीतरी केल्याचे समाधान त्यातून मिळते. साथ ओसरल्यावर वाचलेल्या दोन कोंबड्या औषधाने वाचल्या असे वाटते. वास्तविक त्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने वाचलेल्या असतात. हळद, लसूण, कांदा यांचे घरगुती उपचारही सर्वत्र चालतात. त्यांनी अपाय होत नाही, पण त्यांच्या भरवशावर लस टाळली गेल्यास तो मोठाच अपाय ठरतो.

असे असले, तरी रोगी पक्ष्यासाठी करण्यासारखे पुष्कळ असते. पहिले काम त्याला इतरांपासून वेगळे करण्याचे. डालग्याखाली झाकून घराच्या विरुद्ध बाजूस, वाऱ्यापावसापासून आडोशाला ठेवावे. निरोगी कोंबड्यांना आधी दाणापाणी देऊन मग रोग्याकडे जावे व हातपाय साबणाने धुवावेत. हा क्रम उलटा झाल्यास वेगळे ठेवण्याचा उपयोग राहत नाही. पिलांना ऊब द्यावी; डिसेंबर-जानेवारीतील रात्री ती नसल्यास रोगाआधी थंडीच त्यांना मारते. लिटरभर स्वच्छ पाण्यात चार चहाचे चमचे गूळ व चिमूटभर मीठ घालून ते दोनतीन दिवस, रोज ताजे करून, पाजावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये, कारण कोंबडीला मीठ फार सोसत नाही. मऊ भात, पेज व शिजवलेले अंडे थोडेथोडे भरवावे. ब गटातील व अ जीवनसत्त्व दिल्यास उभारी येण्यास मदत होते. मान पिळवटलेला पक्षी स्वतः टिपू शकत नाही. त्याला आठवडा-दोन आठवडे हाताने भरविल्यास तो पुष्कळदा जगतो, जरी मान कायमची थोडी कललेली राहिली तरी.

औषध किंवा पाणी चोचीत ओतण्याची सर्रास रीत धोक्याची आहे. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनालेचे तोंड असते. धाप लागलेल्या पक्ष्याच्या तोंडात एकदम पाणी ओतल्यास ते फुप्फुसात जाऊन तो तत्काळ गुदमरतो. ड्रॉपरने चोचीच्या कडेशी एकेक थेंब सोडावा व गिळू द्यावा. देवीच्या खपल्या ओढून काढू नयेत, त्यांतूनच विषाणू पसरतो. त्यांवर ग्लिसरिनात मिसळलेले सौम्य आयोडीन लावावे आणि चिकटलेले डोळे दिवसातून दोनदा कोमट पाण्याने भिजवून उघडावेत.

प्रतिजैव औषधांना स्थान आहे ते दुय्यम जंतुसंक्रमणात, आणि तेही पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच. नाकातून घट्ट स्राव, चेहऱ्याची सूज, डोळ्यांत पू, लांबलेली घरघर अशी चिन्हे असतील, तर ऑक्सिटेट्रासायक्लीन, डॉक्सिसायक्लीन किंवा टायलोसीन यांसारखे औषध ३ ते ५ दिवस, मध्येच न सोडता दिले जाते. मात्रा पक्ष्याच्या वजनावर ठरते. उदा., किलोमागे २० मिग्रॅ. या हिशेबाने दीड किलोच्या कोंबडीला डॉक्सिसायक्लीन दिवसाला ३० मिग्रॅ. पुरते, माणसासाठीची १०० मिग्रॅ.ची पुडी तिच्या घशात रिकामी करणे म्हणजे तिप्पटीहून अधिक मात्रा देणे होय. उलट, पाण्यातून औषध देण्यातही एक अडचण आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. रोगी कोंबडी पाणीच कमी पिते. त्यामुळे तिच्या पोटात औषध अपुरे जाते आणि निरोगी कोंबड्या मात्र गरज नसताना ते पीत राहतात. घरातील पाचदहा पक्ष्यांच्या बाबतीत एकेकाला मोजून देणे शक्य असते, आणि तेच हितकर होय.

औषध चालू असताना व त्यानंतर वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत त्या कोंबडीची अंडी व मांस खाऊ अथवा विकू नये. एन्रोफ्लॉक्सासीनचे अवशेष अंड्यांत उतरत असल्याने अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते देऊ नये. माणसाच्या गंभीर संक्रमणांत अखेरचा आधार असलेले कोलिस्टीन हे औषध मांस-अंड्यांसाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यावर केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. क्लोरँफिनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांवरही मार्च २०२५ मध्ये अशीच बंदी आली. जुन्या साठ्यातील पुड्या खेड्यांतील दुकानांत सापडल्या, तरी त्या घेऊ नयेत.

लस : मानमोडीवर भारतात उपयोगात आलेली लस मुक्तेश्वर येथील संस्थेत तयार झाली, १९४० मध्ये अय्यर व डॉब्सन यांनी तेथील विषाणूचा प्रभेद कोंबडीच्या अंड्यांतून पुन्हापुन्हा वाढवून त्याची तीव्रता कमी केल्याचे प्रसिद्ध केले. हा मध्यम प्रभेद (आर टू बी) ६ ते ८ आठवड्यांच्या व त्याहून मोठ्या पक्ष्यांनाच, पंखाखाली त्वचेत अर्धा मिलि. टोचतात, लहान पिलांना किंवा आजारी पक्ष्यांना टोचल्यास लकवा होऊ शकतो. पिलांसाठी एफ किंवा लासोटा हे सौम्य प्रभेद वापरतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकपुडीत एक थेंब व चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एक थेंब दिला जातो. परसातील मोठ्या पक्ष्यांना दर सहा महिन्यांनी पुन्हा लस देणे इष्ट असते. देवीची लस ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास, मानमोडीच्या लसीपासून काही दिवसांचे अंतर ठेवून, पंखाच्या पातळ पडद्यात दुटोकी सुईने टोचतात. आठदहा दिवसांनी तेथे खपली दिसली तरच ती लागली असे समजावे. लस दिल्यावर प्रतिकारक्षमता येण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून साथ दारात आल्यावर नव्हे, तर हिवाळ्यापूर्वी व उन्हाळ्याच्या तोंडाशी लस देण्याची सवय असावी. महाराष्ट्रात या लसी पुण्याजवळील औंध येथील शासकीय पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार केल्या जातात.

लस स्वस्त व परिणामकारक असूनही परसापर्यंत ती क्वचित पोहोचते, याची कारणे वैद्यकीय नसून व्यावहारिक आहेत. शुष्क गोठविलेल्या लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात व ती विद्रावकात मिसळल्यावर एकदोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या मालकिणीला ती एकटीने घेणे परवडत नाही. लस २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते, तर भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. कोंबड्या दिवसा रानोमाळ असतात आणि दवाखानाही दिवसाच उघडा असतो. या तिन्ही अडचणींवर एकच उपाय उपयोगी पडतो : आठपंधरा घरांनी एकत्र येऊन एका ठरलेल्या दिवशी, पहाटे खुराडी उघडण्यापूर्वी किंवा दिवेलागणीला कोंबड्या परतल्यावर, बर्फाच्या डब्यातून आणलेली एक कुपी सर्वांत वापरणे. महिला बचत गटांतील प्रशिक्षित पशुसखी हे काम करू शकतात. उष्णता सहन करणारे व्ही ४ आणि आय २ हे प्रभेद ऑस्ट्रेलियात शोधले गेले असून आशिया व आफ्रिका खंडांतील खेड्यांत त्यांचा उपयोग करण्यात आला आहे. तमिळनाडूतील पशुवैद्यक विद्यापीठाने तर दाण्याबरोबर खाऊ घालावयाची गोळीच्या रूपातील लस तयार केली आहे.

बर्ड फ्ल्यू : फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांच्या मृत्यूचे प्रारंभीचे कारण मानमोडी असावे असे मानले गेले, तपासणीत ती भारतातील एच ५ एन १ इन्फ्ल्यूएंझाची पहिली साथ निघाली. नुसत्या डोळ्यांनी हे दोन रोग निश्चितपणे वेगळे ओळखता येत नाहीत. भंडाऱ्याच्या तलावांवर हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात व घरच्या कोंबड्या त्याच काठांवर चरतात, तेव्हा ही शक्यता येथे दूरची समजू नये. शेजारच्या नागपूर येथील गोरेवाडा केंद्रात २०२४ च्या अखेरीस वाघ व बिबट्या याच विषाणूने दगावले होते. म्हणून अनेक पक्षी एकाएकी मेल्यास, तुरा निळसर काळा पडून चेहरा सुजल्यास, किंवा तलावाकाठी वन्य पक्षी मेलेले आढळल्यास उपचार करत न बसता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मृत पक्षी उघडू, सोलू किंवा खाऊ नये आणि मुलांना त्याजवळ जाऊ देऊ नये. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले जातात. रोग निश्चित झाल्यास १ किमी. परिघातील पक्षी नष्ट करण्यात येतात व नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल शासन भरपाई देते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळत नाही. लवकर कळविण्यात मालकाचाही लाभ आहे तो असा.

विल्हेवाट व निर्जंतुकीकरण : मृत पक्षी नाल्यात वा तलावात न टाकता किमान एक मीटर खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. मानमोडी व इन्फ्ल्यूएंझा यांच्या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असल्याने साबण, धुण्याचा सोडा, विरंजक चूर्ण व कडक ऊन यांनी ते सहज नष्ट होतात; मात्र खुराड्यातील शीट आधी पूर्णपणे खरवडून काढावी, कारण तिच्या थराखाली औषध पोहोचत नाही. गंबोरोचा विषाणू मातीत व देवीचा विषाणू खपल्यांत कित्येक महिने टिकतो. साथीनंतर खुराडे धुऊन, चुन्याने सारवून तीनचार आठवडे रिकामे ठेवावे. त्यानंतर आणलेले नवे पक्षी जुन्या वाचलेल्या पक्ष्यांत लगेच मिसळू नयेत. दोन आठवडे वेगळे ठेवून, लस टोचून, मगच एका खुराड्यात घ्यावेत.